फळ्यांवरचं नमन

जानकीमावशीला कुणी काही आपण होऊन दिलं, की ती देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. मग तो केळ्यांचा फणा असो, लग्नाचं आमंत्रण असो नाहीतर देवळातला प्रसाद. "तोंडाक हांसूंक शिकयतात गो, पांयांक कोण शिकयता?" असं तिचं म्हणणं होतं. देणाऱ्याचे पाय परतायच्या घाईत दिसले, की वस्तू तिथंच ओसरीवर राहायची.

आमचं शहर पेडणे-डिचोलीच्या पट्ट्यात कुठंतरी आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर मावशी स्वप्नात येऊन "कित्याक सांगलें?" असं विचारल्याशिवाय राहायची नाही. शहर म्हणायचं ते पालिका आहे म्हणून. एरवी बाजार ओलांडला की माडापोफळींची कुळागरं सुरू होतात आणि सकाळी पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की अख्खा वाडा उंडे घ्यायला दारात येतो. मावशीही यायची. उंडा हातात घेऊन आधी नाकाशी न्यायची, मग पदेराच्या देखत मोडून आत बघायची. पदेरानं तिच्या तीन पिढ्यांना पाव घातला होता, पण तिची खात्री अजून पटलेली नव्हती. तोही बिचारा सायकल धरून निकालाची वाट बघत उभा राहायचा.

मी त्या वाड्यात लग्न होऊन आले ती सावंतवाडीकडून. प्राथमिक शाळेत शिकवायचे म्हणून वाड्यानं मला मास्तरीण करून टाकलं. मावशी आमच्या शेजारची. पहिल्या दिवशी ती कुंपणापाशी आली, माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "थंय नोकरी मेळूंक ना म्हणून हांगा लगीन केलें?" मी नाही म्हटलं. "मागीर कित्याक केलें?" मी नुसती हसले. त्या दिवसापासून मी तिच्या लेखी संशयित झाले, आणि नजरेखाली राहावी म्हणून तिनं मला सतत जवळ ठेवलं. ह्याला माया म्हणायचं की पाळत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या शेजारात मी सुखी होते, हे खरं.

मावशी मूळची पार्से गावची. नवरा लवकर गेला. अबोलीच्या वेण्या, ज्यांना आमच्याकडे फांती म्हणतात, त्या करून ती बाजारात विकायची. तिच्या हातची फांती दुसऱ्या दिवशीही सैल पडायची नाही. गिऱ्हाइकाला ती आधी विचारायची, "कोणाक?" देवाला म्हटलं तर कुठल्या देवाला, आणि बायकोला म्हटलं तर "आज कित्याक?" गिऱ्हाईक लाजून हसायचं आणि दोन फांत्या जास्तच घेऊन जायचं.

पण तिच्या संशयाचं खरं माहेर म्हणजे पालिका. पालिकेचा माणूस दारात आला की मावशीचे डोळे बारीक व्हायचे. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधतात. एका वर्षी पालिकेनं माटोळीची स्पर्धा ठेवली आणि परीक्षक घरोघर फिरू लागले. मावशीची माटोळी दरवर्षी वाड्यात उजवी असायची. कसली कसली फळं ती रानातून शोधून आणायची. परीक्षक तिच्या घरात शिरले तर वर पांढरीशुभ्र चादर ताणलेली.

"माटोळी खंय?" त्यांनी विचारलं.

"देव पळयता ती. तुमी कित्याक पळयतात?"

"बक्षीस दिवपाक."

"घर पळोवंक आयल्यात तुमी. किती कुडी, किती जनेलां. माका खबर ना?"

खोल्या-खिडक्या मोजायला आल्याचा आळ घेऊन परीक्षक हिरमुसून गेले. वाडाभर हसू झालं. आणि पुढच्या वर्षी सगळ्यांची घरपट्टी वाढली. माटोळीचा आणि घरपट्टीचा काडीमात्र संबंध नव्हता, हे मला पालिकेतल्या कारकुनानं शपथेवर सांगितलं. पण मावशी कुंपणाशी येऊन फक्त "जालें?" एवढंच म्हणाली, आणि वाड्यात तिचा शब्द एकदम वजनदार झाला. खरं सांगायचं तर मीही त्या दिवसापासून कारकुनाच्या पायांकडे बघायला लागले.

ते दिवसच तसे होते. कोकणी की मराठी, ह्यावरून सबंध गोवा तापला होता. भिंती रंगल्या होत्या. आमच्या भागात लोक घरात कोकणी बोलायचे, वर्तमानपत्र मराठी वाचायचे आणि भजन मराठीत म्हणायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र शेजारी शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागला. कोण कुठल्या सभेला गेला, कुणाच्या ओसरीवर कुठलं पत्रक पडलं होतं, ह्याच्या कुजबुजी सुरू झाल्या. अख्खं गाव मावशीसारखं वागू लागलं होतं. फक्त ह्या एका बाबतीत मावशीला संशय नव्हता. "घरांत उलयतंव ती आमची, देवाकडे म्हणटंव तीय आमची," ती म्हणायची. "इचारतलो कोण?"

मग राज्य झालं. घटक राज्य झाल्याच्या आनंदात पालिकेनं लोककलांचा महोत्सव जाहीर केला. मांडव पालिकेचा, दिवे पालिकेचे, कर्णे पालिकेचे. शिगम्यात नाचत निघणाऱ्या रोमटांना नवे ढोल, भजनी मंडळांना पेट्या. आणि आमच्या वाड्यातल्या बायकांनी धालो घालायचे, तेही फळ्यांच्या रंगमंचावर.

धालो म्हणजे काय ते सांगायला हवं. पौषात आमच्याकडे बायका रात्री मांडावर जमतात. मांड म्हणजे नुसतं अंगण, पण ते देवाचं. शेणानं सारवलेलं, मधे दिवा, आणि चपला कुंपणाबाहेर. बायकांच्या दोन ओळी समोरासमोर, कमरेत हात गुंफून. एक ओळ गाणं म्हणत वाकत पुढं जाते, दुसरी तेच उचलून परत पाठवते. पुरुषांनी तिथं फिरकायचं नाही. आणि सगळ्याच्या आधी नमन, धरित्रीला. कारण आता तिच्या पाठीवर पाय आपटायचे असतात, तेव्हा आधी तिची परवानगी घ्यायची. आमच्या मांडाचं नमन मावशीकडे होतं. तिच्या सासूनं तिला दिलेलं. चाल तर अगदी साधी, जवळजवळ बोलल्यासारखी. ती पदराआडून हलक्या आवाजात म्हणायची आणि समोरच्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या ते उचलायच्या. बाकीच्यांनी नुसतं वाकायचं. मी मावशीच्या बगलेत असायचे, पाळतीखाली, त्यामुळे मला ते शब्द ऐकू यायचे:

"धरत्रे माये, पांय लायतंव,
भार आमचो सोस गो माये."

महोत्सवाचं बोलणं घेऊन आला तो प्रकाश, आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. वाड्यातलाच मुलगा, मावशीच्या अंगाखांद्यावर वाढलेला. मनानं सरळ. पण नगरसेवक झाल्यापासून मावशीनं त्याला ओसरीवरून आत घेतलं नव्हतं.

"मावशे, सगळ्यांक सारकीं कापडां दितलों. न्हेवपाक बस येतली. आनी आमच्या मांडाक वंय घालून दितलों, गेट सयत."

कुंपणाचं आमिष ऐकूनही मावशी त्याच्या पायांकडेच बघत होती. "गेटाक कुलूप कोणाचें?"

"कुलूप कित्याक?"

"कुलूप नासतना गेट कित्याक?"

प्रकाशनं कपाळाला हात लावला. मावशीची सून सुमन दारामागून ऐकत होती, आम्ही शेजारणी कुंपणाशी. तिला जायचं होतं. वाड्यातल्या सगळ्याच पोरीसुनांना जायचं होतं. नवी साडी, बस, दिवे, कर्ण्यातून स्वतःचा आवाज. वर्षभर चुलीपाशी असलेल्या बाईला ते का नको असेल? सुमन धीर करून सासूपुढं आली. "आयेनू, आमी गेलंव जाल्यार कितें जातलें?"

"फळये वयर नमन करतलीं तुमी?" मावशी म्हणाली. "फळयेक पांय लायतंव म्हणून सांगतलीं? फळी जिती आसा?"

प्रकाश मान खाली घालून निघाला. तेव्हा मावशीनं त्याला मागून हाक मारली. "येतंव म्हण तांका."

आम्ही सगळ्याजणी गारच पडलो. मावशी हो म्हणाली म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय, हे मला कळलं.

शिजत होतं ते असं. दुसऱ्या दिवशी फांती ओवता ओवता मावशी गुणगुणू लागली. कधी न ऐकलेली चाल, लवचिक, ऐकताक्षणी मान डोलावी अशी. दुपारपर्यंत कडवी झाली, आणि संध्याकाळी तिनं बायकांना ओसरीवर बसवून म्हणून दाखवलं:

"अबोलेची फांती माळली गो माये,
सांजेच्या पारार आयली गो माये..."

"हें नमन?" सुमननं विचारलं.

"फळ्यांचें नमन," मावशी म्हणाली. "मांडाचें तें मांडार. तें एक उतर भायर वचूंक फावना. तांका धालो जाय न्हय? दिवया. खरे धालो मेळ्ळे म्हणून खोशी जातले, आनी आमचे धालो घरांत उरतले."

पोरी टाळ्या पिटत हसल्या. खोटं नमन देऊन पालिकेला फसवायचं म्हणजे शाळेला दांडी मारण्यासारखं होतं. मावशी हसली नाही. ती तालीम घेत होती. खोटं करायचं तरी ते तिच्या हातून सैल होत नव्हतं. एकेक शब्द ती ओढून बघायची, तिच्या फांतीतलं फूल बघावं तसा.

महोत्सवाच्या संध्याकाळी मैदान फुललं होतं. पालिकेला कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून दोन पाहुणे बोलावले होते, एक कोकणीवाले आणि एक मराठीवाले. दोघं एका सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते. आधी पालिकेत चहा झाला. मावशीनं कपातला थोडा चहा खिडकीतल्या कुंडीत ओतला, झाडाकडे जरा वेळ बघितलं, आणि मगच उरलेला प्यायली. मग आम्ही रंगमंचावर गेलो. ओळी झाल्या. मावशीनं अबोलीचं नमन धरलं आणि सुमनच्या ओळीनं ते असं काही उचललं की मैदान चिडीचूप झालं. माझ्या अंगावर काटा आला, आणि हे सगळं खोटं आहे हे मला ठाऊक होतं.

नंतर भाषणं झाली. एक पाहुणे म्हणाले, ही कोकणी मातीची हजारो वर्षांची हाक आहे. दुसरे म्हणाले, ही मराठी ओवीचीच लेक आहे. दोघांनी आयुष्यात प्रथमच एकाच गोष्टीची स्तुती केली असावी. पणजीहून एकजण ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला होता. तो मावशीला वाकून, जुना ठेवा जपल्याबद्दल आभार मानत म्हणाला, "आजी, हें पोरणें नमन तुमी सांबाळून दवरलें, देव बरें करूं."

मावशीनं त्याच्या पायांकडे बघितलं. "पोरणें म्हणून कोणें सांगलें तुका?" एवढंच ती म्हणाली, आणि बसमध्ये जाऊन बसली. वाटेत तिनं पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. ती हसतेय हे कळायला मला जरा वेळ लागला, कारण तोवर मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं.

प्रकाशनं शब्द पाळला. मांडाला दगडी गडग्याची वंय झाली, गेट आलं. मावशी कुलुपाची वाट बघत राहिली. कुलूप काही आलं नाही. कुणी मांडावर दुकानं काढली नाहीत, रस्ता नेला नाही, पाटीसुद्धा लावली नाही. "अजून बसला, वाट पळयता," असं ती प्रकाशबद्दल म्हणायची. प्रकाश दरवर्षी पौषापूर्वी माणसं पाठवून मांडातलं गवत काढून द्यायचा आणि मावशी दरवर्षी त्या माणसांवर पहारा ठेवायची.

महोत्सव मात्र दरवर्षी होऊ लागला. अबोलीच्या नमनाची टेप पणजीला वाजली, मग शाळांत आली. पालिकेनं मुलींसाठी वर्ग काढला आणि तो चालवायला सुमनलाच नेमलं. ती छान शिकवायची, तिच्या चेहऱ्यावर एक तेज आलं होतं. तिला कुणी नावं ठेवलेली मला आवडत नाहीत. तिनं एकदा मावशीकडे मांडाचं नमन मागितलंही होतं. माझ्यासमोर, हात जोडून. "आयेनू, माका शिकय. हांव खंय सांगची ना."

"तुज्या पोटांत उरूंक ना जाल्यार? फाल्यां फळये वयर दिसतलें," मावशी म्हणाली, आणि अबोलीची परडी घेऊन उठून गेली. नंतर सुमननं पुन्हा विचारलं नाही.

उचलणाऱ्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक गेली, मग दुसरी गेली. त्यानंतर मावशी न्हाणीघरात पडली, कंबर मोडली, आणि तिची लेक तिला आपल्या सासरी मयेला घेऊन गेली. मांडावर दिवा लागेना. कुणी मुद्दाम थांबवलं नाही. पौष आला की महोत्सवाची तालीम असायची आणि बायका तिकडे जायच्या, इतकंच. मी भेटायला गेले की मावशी विचारायची, "मांडार कोण बसला?" कुणी नाही म्हटलं की तिला ते खरं वाटायचं नाही.

काही वर्षांनी ती काठी टेकत परत आली. आली ती सरळ मांडावर. गेट हलवून बघितलं, आतून बघितलं, बाहेरून बघितलं. मग सुमनला म्हणाली, "शेण हाड." त्या पौषात मांड पुन्हा सारवला गेला. म्हातारीला जागरण झेपणार नाही म्हणून दिवेलागणीलाच जमायचं ठरलं. पोरीबाळी, सुना, सगळ्या हौसेनं आल्या. चपला वंयीबाहेर. माझे गुडघे गेलेले, म्हणून मी कडेला पाटावर बसले.

ओळी झाल्या. मावशीनं काठी बाजूला ठेवली, सुमनच्या थोरल्या मुलीच्या कमरेत हात घातला आणि ह्या वेळी पदर न घेता, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हटलं:

"धरत्रे माये, पांय लायतंव,
भार आमचो सोस गो माये."

समोरच्या ओळीनं ते उचललं नाही. दोघीतिघी एकमेकींकडे बघू लागल्या. एका मुलीला वाटलं म्हातारीला आठवत नाहीये, म्हणून तिनं मदत करावी तसं हळूच सुरू केलं, "अबोलेची फांती..." आणि सगळ्या ओळीला हायसं वाटलं. सगळ्यांनी ते उचललं. किती गोड म्हणत होत्या त्या.

मावशीनं हात वर केला. त्या थांबल्या. तिनं पुन्हा म्हटलं, सावकाश. पुन्हा कुणी उचललं नाही. ती एकेकीच्या पायांकडे बघत ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कुणाचेही पाय खोटे नव्हते. सगळ्या पोरी खऱ्या मनानं उभ्या होत्या. जन्मभर जिनं दुसऱ्याचं चुकतंय म्हटलं, ती बाई हळूच म्हणाली, "माजेंच चुकलां काय गो?"

मला राहवलं नाही. कडेला बसल्या बसल्या मी एकटीनं ती ओळ उचलली. आवाज फाटला, तरी शेवटपर्यंत म्हटली. "तुजा बरोबर आसा गे मावशे," मी म्हटलं. "ह्याच नमन. मी आयकलंय."

मावशी वळली. माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझे डोळे भरून आले होते, ते तिला दिसले नाहीत, कारण तिकडे ती बघतच नव्हती.

"ही भायली," ती सुमनला म्हणाली. "हिका येता आनी तुमकां कोणाक येना? तशें जावंक शकता? चुकलांच आसतलें माजें."

मग तिनं पुन्हा ओळीत हात गुंफला आणि मान हलवून पोरींना म्हणा म्हणून खुणावलं. त्यांनी अबोलीचं नमन धरलं. मावशीही म्हणू लागली, पुरं कडवं, एक शब्द न चुकता. तिनंच केलेलं होतं ते. ओळ वाकली, मावशीच्या हातातून सुटून पुढं सरकली, मागं आली.

मी मावशीच्या पायांकडे पाहिलं. ते हलत नव्हते.